दोष दर वेळी राजूचाच का?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत शिक्षकांच्या कार्यशाळांतून संगणक-सुरक्षेवर बोलण्याचा योग आम्हांला अधूनमधून येतो. सुरुवातीला आम्ही एकच प्रश्न विचारतो: बँकेत ठेवलेला पैसा सुरक्षित राहावा म्हणून काय काय करायला हवे? उत्तरे झरझर येतात. ओटीपी कोणाला सांगू नये. अनोळखी लिंक उघडू नये. एटीएमवर पिन टाकताना हात आडवा धरावा. पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, डायरीत लिहून ठेवू नये. बघता बघता फळा भरतो. मग आम्ही या सर्व वाक्यांचा कर्ता शोधायला सांगतो. व्याकरण शिकवणाऱ्यांना तो लगेच सापडतो. प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी' असतो. बँक एकाही वाक्यात कर्ता म्हणून येत नाही.

मूर्तिजापूरच्या अशाच एका कार्यशाळेत मागच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ गुरुजींनी हात वर केला आणि ते म्हणाले, "हे सारं आमी करतोच जी. पण ब्यांक काय करते, थे सांगा ना!" सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले त्याने आमचेच समाधान झाले नाही. म्हणून हा लेख.

चाळीस गोष्टींची पुस्तिका

रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने २०२२ साली 'राजू अँड द फॉर्टी थीव्ज' नावाची एक सचित्र पुस्तिका काढली. नाव अर्थातच अलिबाबाच्या गोष्टीवरून घेतलेले आहे. फसवणुकीच्या चाळीस तऱ्हा, त्यांच्या चाळीस छोट्या गोष्टी, आणि गोष्टीच्या शेवटी काय करावे व काय करू नये याची सूचना, अशी तिची मांडणी आहे. भाषा सोपी आहे, प्रसंग रोजच्या जीवनातले आहेत. आठवी-नववीच्या वर्गात तिच्यातील दोन-तीन गोष्टी नाट्यरूपाने करून घेतल्या तर मुले त्या घरी जाऊन आजी-आजोबांना सांगतील. ही पुस्तिका शाळांत वाचली जावी असेच आमचे मत आहे. हे आधी स्पष्ट करतो, म्हणजे पुढील टीकेचा रोख कोणाच्या लक्षात चुकीचा यायला नको.

या गोष्टींतला राजू भोळा आहे, घाईत आहे किंवा थोडा लोभी आहे. म्हणून तो फसतो. ग्राहकांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत ग्राहकाच्या चुका असणारच. पण बँकेच्या शाखेत भिंतीवर लावलेला फलक हेच सांगतो, मोबाइलवर येणारा संदेश हेच सांगतो, आणि मध्यंतरी फोन लावताना घंटीऐवजी ऐकू येणारी सूचनाही हेच सांगत असे. इतक्या ठिकाणी एकच गोष्ट ऐकल्यावर आपल्या मनात एक सिद्धान्त तयार होतो: चोरी होते ती ग्राहकाच्या चुकीमुळे, आणि ग्राहक सावध राहिला की चोरी होत नाही. विज्ञानाचे विद्यार्थी या नात्याने आम्ही कोणताही सिद्धान्त पुराव्यावर घासून पाहतो. हाही तसाच पाहू.

ज्या चोरीत एकही राजू नव्हता

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, महाराष्ट्रातील मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी या बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून २८ देशांतल्या एटीएम यंत्रांमधून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा शहरांतून २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी रुपये गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय रकमा पाठवण्याच्या 'स्विफ्ट' या व्यवस्थेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगावा: परदेशातील एका व्यवहाराची सरासरी ६५,००० रुपये येते, देशातील व्यवहाराची पावणेनऊ हजारांच्या आसपास.

हे घडले कसे? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्राला आपल्या खात्यातील शिल्लक माहीत नसते. यंत्र एक विचारणा पाठवते. ती बँकेच्या 'स्विच' नावाच्या संगणकाकडे जाते. स्विच ती विचारणा बँकेच्या मुख्य खातेवहीकडे, म्हणजे कोअर बँकिंग प्रणालीकडे नेतो, तेथून होकार किंवा नकार आणतो आणि एटीएमला कळवतो. गावातल्या किराणा दुकानाचे उदाहरण घ्या. मुलगा उधारीवर सामान मागतो. दुकानदार त्याच्या घरी फोन करून विचारतो, "देऊ का?" घरातून होकार आला की सामान देतो. आता कल्पना करा की मधल्या मध्ये कोणीतरी फोनची तार आपल्याकडे वळवून घेतली आहे आणि दुकानदाराच्या प्रत्येक प्रश्नाला तोच "द्या" म्हणून सांगतो आहे. दुकानदाराला वाटते घरच्यांनीच होकार दिला. घरच्यांना तर फोन आल्याचेही कळत नाही.

कॉसमॉसमध्ये असेच झाले. हल्लेखोरांनी घातक आज्ञावली आत घुसवून एक बनावट स्विच उभा केला. बनावट कार्डांच्या विचारणा मुख्य खातेवहीपर्यंत पोचल्याच नाहीत. बनावट स्विचनेच त्यांना होकार दिला. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही, नुकसान बँकेचे झाले. २०१९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञमंडळाने या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. परंतु एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणारे हात वेगळे आणि स्विच ताब्यात घेणारे डोके वेगळे.

या संपूर्ण घटनेत कोणत्या ग्राहकाने ओटीपी सांगितला? कोणी लॉटरीच्या लोभाने लिंक उघडली? कोणीही नाही. प्रत्येक खातेदाराने राजूची पुस्तिका तोंडपाठ केली असती तरीही ९४ कोटी ४२ लाख रुपये गेलेच असते. आपल्या सिद्धान्ताला हे एकच प्रति-उदाहरण पुरेसे आहे. ग्राहकाची सावधगिरी आवश्यक आहे, पण पर्याप्त नाही. गणितात या दोन शब्दांतील फरक आपण मुलांना शिकवतोच.

खुर्ची आहे, अधिकार नाहीत

तेव्हा गुरुजींचा प्रश्न पुन्हा घेऊ: बँक काय करते? नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. जी. गोपालकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाच्या शिफारशींवरून रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०११ रोजी सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. माहितीच्या सुरक्षेसाठी एक स्वतंत्र वरिष्ठ अधिकारी असावा आणि तो संगणक विभागप्रमुखाच्या हाताखाली नसावा, असे त्यांत सांगितले होते. कारण शिक्षकांना समजावून सांगायला नको. प्रश्नपत्रिका काढणारा आणि ती तपासून पाहणारा एकच माणूस असेल तर चूक सापडणार कशी? संगणक विभागाचे उद्दिष्ट काम वेळेत आणि कमी खर्चात चालू ठेवणे हे असते. सुरक्षा-अधिकाऱ्याचे काम प्रसंगी "थांबा" म्हणणे हे असते. "थांबा" म्हणणारा "चालू द्या" म्हणणाऱ्याच्या हाताखाली असेल तर तो फार वेळा बोलत नाही.

कॉसमॉसच्या घटनेनंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सुरक्षा-चौकट आली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिची चार पायऱ्यांत वाटणी झाली. लहान बँकेला कमी अटी, स्वतःचा एटीएम स्विच व स्विफ्ट असणाऱ्या बँकेला सर्वात कडक अटी, असे तिचे सूत्र आहे. हे सूत्र आम्हांला योग्य वाटते.

पण कागदावरची चौकट आणि वऱ्हाडातले वास्तव यांत अंतर आहे. आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत आम्ही गेलो होतो. तिथे सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर होती तेच गृहस्थ छपाईयंत्रात शाई भरत होते, नव्या ठेवीदाराचा अर्ज लिहून घेत होते आणि इंटरनेट बंद पडले की कंपनीला फोनही तेच करत होते. व्यवस्थापकांचा परवलीचा शब्द तिघांना ठाऊक होता, कारण "साहेब रजेवर गेले तर काम अडायला नको". त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाही. त्यांना सुरक्षा-अधिकारी हे नाव दिले होते. वेळ, पैसा आणि नकार देण्याचा अधिकार मात्र दिलेला नव्हता. अकोल्याच्या डाळ मिल आणि दोन्ही जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंग कारखाने यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. कापसाच्या गाठींचा विमा असतो, आगीसाठी वाळूच्या बादल्या असतात. पण वर्षभराचे हिशेब ज्या एका संगणकात आहेत त्याची दुसरी प्रत विचारली तर बहुधा शांतता पसरते.

हजार गजरांतला एक

मोठ्या कंपन्यांत सुरक्षाप्रमुखाकडे पैसा असतो, माणसे असतात, तरी त्यांच्यापुढे एक मूलभूत अडचण असते. ती निव्वळ अंकगणिताची आहे, म्हणून येथे मांडतो. उदाहरण काल्पनिक आहे.

समजा, एका बँकेत दिवसाला १०,००,००० व्यवहार होतात आणि त्यांपैकी १० खोटे असतात. खोटे व्यवहार ओळखणारी एक आज्ञावली बसवली. ती ९९ टक्के अचूक आहे. म्हणजे खोट्यांपैकी ९९ टक्के पकडते आणि खऱ्यांपैकी फक्त १ टक्का व्यवहारांवर चुकून संशय घेते. आता दिवसभरात किती वेळा गजर वाजेल? दहा खोट्यांसाठी जवळजवळ दहा वेळा. उरलेल्या ९,९९,९९० खऱ्यांसाठी सुमारे १०,००० वेळा. म्हणजे साधारण हजार गजरांतला एक खरा. '९९ टक्के अचूक' या शब्दांवर विसंबून यंत्र विकत घेणाऱ्या संचालक मंडळाला हे गणित कोणी सांगत नाही. दिवसाला दहा हजार गजर ऐकणारा माणूस महिन्याभरात गजर ऐकेनासा होतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. येथे ओरडणारा मुलगा खोटारडा नसतो, तरी परिणाम तोच होतो.

दुसरी अडचण यशाची आहे. विक्री वाढली तर विक्रीप्रमुखाला आकडा दाखवता येतो. सुरक्षाप्रमुखाचे काम चांगले झाले तर काहीच घडत नाही. वर्षभर काही घडले नाही की पुढच्या अंदाजपत्रकात त्याचाच खर्च कापला जातो. देवीची लस आणि बंधाऱ्याची दुरुस्ती यांच्या नशिबीही हेच आले आहे.

गाविलगडचा दरवाजा

चिखलदऱ्याला सहल नेणाऱ्या शाळा गाविलगड पाहतातच. सातपुड्याच्या कड्यांवरचा हा बळकट किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याच्या फौजेने घेतला. उत्तरेकडच्या बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पडले, सैन्य आत शिरले, पण आतला किल्ला अजून उभा होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून आतला तट एका ठिकाणी ओलांडला आणि आत उतरून दरवाजा उघडून दिला. दरवाजा किती जाड होता हा प्रश्न तिथेच संपला.

संगणकांच्या जाळ्यावरील हल्लाही बहुधा असाच दोन टप्प्यांत होतो. पहिला प्रवेश एखाद्या क्षुल्लक जागी होतो. खरे नुकसान होते ते आतल्या आत फिरता आल्यामुळे. म्हणून "आमच्याकडे चांगली भिंत आहे" हे उत्तर अपुरे आहे. विचारायला हवे ते असे: एक संगणक शत्रूच्या हाती गेला तर तेथून स्विचपर्यंत, हिशेबापर्यंत, वेतनापर्यंत वाट आहे का? आणि मधल्या दरवाजावर पहारेकरी कोण आहे?

दुसऱ्याच्या घरची किल्ली

आता एक आक्षेप विचारात घेऊ. लहान सहकारी बँकेला हे सर्व परवडणार कसे? आक्षेप रास्त आहे. उत्तर सहकाराच्या तत्त्वातच आहे: एकट्याला न झेपणारे काम सर्वांनी मिळून करावे. अनेक लहान बँका त्यांचे संगणकीय काम एखाद्या मोठ्या कंपनीकडे सोपवतात. नागरी सहकारी बँकांना तांत्रिक आधार देण्याचे काम ज्यांच्याकडे असावे अशा एका राष्ट्रीय शिखर संस्थेचेही २ मार्च २०२४ रोजी उद्घाटन झाले. सामायिक तज्ज्ञ, सामायिक पहारा ही दिशा बरोबर आहे.

परंतु सामायिक विहीर दूषित झाली तर सगळे गाव आजारी पडते. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवरील खंडणी-हल्ल्याची बातमी आली. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. नुकसान पसरू नये म्हणून तिला देशाच्या देय-व्यवस्थेपासून तात्पुरते तोडावे लागले आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या सेवा थांबल्या. त्या बँकांच्या ग्राहकांनी काही केले नव्हते, बँकांनीही काही केले नव्हते. किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवली होती, इतकेच. सेवा दुसऱ्याकडे सोपवता येते. जबाबदारी सोपवता येत नाही. ठेकेदाराची तपासणी करण्याचा हक्क करारात लिहून घेतला आहे का, आणि तो हक्क वापरला जातो का, हे प्रत्येक संचालकाने विचारायला हवे.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीतून 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला जगभर पसरला. मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या ताब्यातील न्हावाशेवा बंदराच्या गोदीचेही काम विस्कळीत झाले. कीवमधल्या हिशेबाच्या कार्यक्रमाशी मुंबईजवळच्या बंदराचा संबंध कोणत्या धोका-तक्त्यात लिहिलेला असणार? मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. त्यासाठी लागणाऱ्या एका कळीच्या माहितीच्या सर्व प्रती एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे त्या एकदमच नष्ट झाल्या होत्या. एकच प्रत वाचली, घाना देशातल्या कार्यालयात. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांना ही हकीकत ऐकून गंमत वाटेल. तिच्यातला धडा मात्र गंभीर आहे: जी प्रत कायम जाळ्याला जोडलेली आहे ती प्रत नव्हेच. डाळ मिलच्या मालकांनी आठवड्यातून एकदा हिशेबाची प्रत वेगळ्या तबकडीवर घेऊन ती तार काढून कपाटात ठेवावी, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडतात का ते पाहावे. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

चूक लपवण्याची सवय

आमची सर्वात मोठी तक्रार वेगळीच आहे. विमान पडले की चौकशी होते आणि तिचा अहवाल प्रसिद्ध होतो. एका अपघातातून सगळे जग शिकते, म्हणून विमानप्रवास दशकागणिक सुरक्षित होत गेला. संगणक-हल्ल्यांबाबत ही परंपरा आपल्याकडे रुजलेली नाही. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक झाले. ही माहिती वर जाते. परंतु चूक नेमकी कुठे झाली, कोणता दरवाजा उघडा राहिला, हे सांगणारा सविस्तर अहवाल इतर बँकांच्या आणि नागरिकांच्या हाती क्वचितच येतो. पत जाईल ही भीती असते. परिणामी अकोल्यातील बँकेने पुण्याच्या बँकेच्या चुकीतून शिकायचे तर तिला वर्तमानपत्रातल्या त्रोटक बातम्यांवर भागवावे लागते.

वेगळे वागता येते याचे उदाहरण एका ग्रंथालयाने घालून दिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणी-हल्ला झाला. ग्रंथसूचीसुद्धा बंद पडली, सुमारे ६०० जीबी माहिती चोरीला गेली. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही आणि मार्च २०२४ मध्ये स्वतःच्या चुकांचा अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. बाहेरच्या ठेकेदारांसाठी ठेवलेल्या प्रवेशमार्गावर दुहेरी ओळख-तपासणी नव्हती, जुन्या प्रणाली बदलायच्या राहून गेल्या होत्या, असे त्यात मोकळेपणाने लिहिले आहे. तो वाचल्यावर आमचा त्या संस्थेविषयीचा आदर कमी झाला नाही, वाढला. ज्ञान प्रसिद्ध केल्याशिवाय साठत नाही, हा विज्ञानाचा साधा नियम आहे.

चूक लपली की दोष आपोआप दुबळ्याकडे सरकतो. म्हणून आणखी एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी, आणि सहकारी बँकांसाठी १४ डिसेंबर २०१७ रोजी, परिपत्रके काढून असे ठरवले की बँकेच्या निष्काळजीपणामुळे किंवा त्रुटीमुळे अनधिकृत व्यवहार झाला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तर व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तरीही शून्य. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. राजूच्या गोष्टीतला सल्ला ज्या भिंतीवर लावला जातो, त्याच भिंतीवर हे तीन नियमही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावायला नकोत का? त्याच रिझर्व्ह बँकेचे ते शब्द आहेत.

आपल्या शाळेपुरते

हे सर्व बँकांचे झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. २०२५ साली नागपूर विभागात शालार्थ वेतनप्रणालीतील बनावट आयडींचे प्रकरण उघडकीला आले आणि चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. न्यायालयात काय सिद्ध व्हायचे ते होईल. पण त्या निमित्ताने आपापल्या शाळेत एक प्रश्न विचारता येतो: मुख्याध्यापकांचा परवलीचा शब्द किती जणांना ठाऊक आहे? बाहेरच्या दुकानात बसून विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते का? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. दंडाचे सोडा, ती माहिती आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या मुलांची आहे.

संत गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातले. गावात आले की ते आधी हाती खराटा घेऊन रस्ता झाडत. घरोघरी स्वच्छता हवी हे तर ते सांगतच, पण रस्ता सर्वांचा असतो आणि तोही कोणीतरी झाडावा लागतो हे त्यांनी कृतीने दाखवले. राजूला घर झाडायला आपण पुष्कळ शिकवले आहे. रस्त्याचे काय?

वर्गासाठी एक उपक्रम सुचवून थांबतो. राजूच्या पुस्तिकेतील कोणतीही एक गोष्ट घ्यावी आणि मुलांना ती पुन्हा लिहायला सांगावी. अट एकच: राजूने नेहमीचीच चूक करायची, पण या वेळी बँकेने, फोन कंपनीने किंवा दुकानदाराने असे काहीतरी करायचे की चूक होऊनही पैसा वाचेल. नव्या खात्यावर मोठी रक्कम निघाली तर ती काही तास अडकवून ठेवता येईल का? वयस्कर खातेदाराच्या नेहमीच्या सवयीपेक्षा वेगळा व्यवहार झाला तर शाखेतून माणसाने फोन करावा का? मुले आपल्याला चकित करतील. आणि मूर्तिजापूरच्या गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर देण्याची सुरुवात तिथूनच होईल, कारण आज ज्यांना आपण राजूची गोष्ट शिकवतो आहोत, त्यांच्यापैकीच काही जण उद्या बँकेच्या टेबलाच्या पलीकडे बसणार आहेत.